सेल्समधून मार्केटिंगकडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बी.कॉम. झाल्यापासून तीन वर्षं सांगली जिल्ह्यात एका मसाला कंपनीचा सेल्स ऑफिसर आहे. मार्केटिंग मॅनेजर व्हायचं आहे. नोकरी सोडून एमबीए करू का?

उत्तर : कॉलेज कोणतं मिळतंय, त्यावर ठरवा. मोठ्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्या ब्रँड सांभाळणारी माणसं बहुतेक नावाजलेल्या संस्थांच्या कॅम्पसमधूनच घेतात. सीईटी देऊन मुंबईच्या जमनालाल बजाजसारख्या ठिकाणी नंबर लागला, तर दोन वर्षांचा पगार बुडाला तरी चालेल. (पदवीला ५० टक्के हवेत, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५.) पण कर्ज काढून मिळेल त्या कॉलेजात गेलात, तर दोन वर्षांनी पुन्हा बीटवरच, म्हणजे रोजच्या दुकानफेरीवरच, उभे राहाल, वर हप्ता.

मध्यम कंपनीत दुसरी वाट आहे. आधी ट्रेड मार्केटिंगची जागा मागा : दुकानांसाठीच्या स्कीमा, मांडणी, नव्या मालाचं लाँच. ती मिळवायला तुमच्याकडची आकडेवारी पुरते, फक्त ती वेगळ्या नजरेनं बघावी लागते.

सेल्समध्ये कंपनीनं वितरकाला घातलेला माल, म्हणजे प्रायमरी, मोजतात. तुम्ही सेकंडरी, म्हणजे वितरकाकडून दुकानांत गेलेला माल, काढा. समजा महिन्याच्या सुरुवातीला वितरकाकडे ४०० पाकिटं होती, १,००० आली आणि शेवटी ८०० उरली. म्हणजे दुकानांत गेली ६००. टार्गेट झालं म्हणून तुमचे साहेब खूश, पण गोदामात सव्वा महिन्याहून जास्त माल पडून आहे. पुढच्या महिन्यात ऑर्डर येणार नाही, आणि मुदत संपलेला माल परत येईल तो खर्च वेगळाच. सहा महिन्यांचा असा तक्ता प्रत्येक वितरकाचा करा.

मग स्कीम तपासा. पाकिटामागे कंपनीला ३६ रुपये मिळतात आणि माल, पॅकिंग, वाहतूक मिळून २४ रुपये लागतात असं धरू. सुटतात १२, दहा पाकिटांना १२०. ‘दहावर एक मोफत’ दिलं की अकराव्याचे २४ आपल्या खिशातून, उरले ९६. पूर्वीइतकेच पैसे सुटायला विकत गेलेली पाकिटं २५ टक्क्यांनी वाढायला हवीत. २० टक्के वाढीवर पेढे वाटणारे मॅनेजर कमी नाहीत! शिवाय स्कीम संपल्यानंतरचे दोन महिनेही धरा. दुकानदार स्वस्तात भरून ठेवतो आणि मग मागवतच नाही. ती वाढ नव्हे, पुढची विक्री आधी उचललेली असते.

मुलाखतीत ‘पाच लाख कसे खर्चाल?’ असं विचारतात. उमेदवार लगेच होर्डिंग, रेडिओ, इन्स्टाग्राम सुरू करतो आणि तिथंच घसरतो. आधी उलट विचारा : माल किती दुकानांत मिळतो? गावातल्या २०० किराणा दुकानांपैकी ६०मध्येच असेल, तर जाहिरात बघून आलेलं गिऱ्हाईक शेजारचा ब्रँड घेऊन जाईल. तेव्हा आधी दुकानं, मग जाहिरात. पाकिटामागे १२ रुपये सुटतात या वरच्या हिशेबानं पाच लाख वसूल व्हायला ४१,६६७ जादा पाकिटं खपायला हवीत, हा आकडाही तोंडी सांगता आला पाहिजे.

प्रश्न : सहा महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला, तर मॅनेजर होता येईल का?

उत्तर : एक्झिक्युटिव्हची, म्हणजे मॅनेजरच्या हाताखालची, नोकरी मिळेल, तीही जाहिरातींचं खरं अकाउंट हाताळलं असेल तर. गुगल अ‍ॅड्सची प्रमाणपत्र परीक्षा फुकट देता येते. नुसत्या तिच्यासाठी हजारो रुपये फी भरू नका. त्यापेक्षा ओळखीच्या एखाद्या क्लासची किंवा दुकानाची जाहिरात १०,००० रुपयांत चालवा. २०० जणांनी नंबर दिले (यांनाच लीड म्हणतात), म्हणजे ५० रुपयाला एक. अहवालात छान दिसतं. पण त्यातले दहाच गिऱ्हाईक झाले, तर एक गिऱ्हाईक हजाराला पडलं. त्याच्याकडून ६०० सुटत असतील आणि तो पुन्हा येत नसेल, तर जाहिरात बंद करा. बायोडेटात ‘२०० लीड’ लिहू नका. हे हजार आणि सहाशे लिहा, आणि पुढं काय बदललंत तेही.