चढ नको, सपाटीची वाट सांगा! (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: दादा, माझं वय ६२, दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलाय. मिस्टर म्हणतात चल राजहंसगडावर, आणि मला तर घरातला जिना उतरताना घाम फुटतो. कॉलनीत त्याच त्याच चकरा मारून कंटाळा आला. बेळगावजवळ चढउतार नसलेली मोकळी जागा आहे का कुठं चालायला? – एक काकू, टिळकवाडी

उत्तर: काकू, राजहंसगड मिस्टरांना एकट्याला चढू दे, तुम्ही त्याच गडाकडं बघत बघत खालनं चाला. वडगावातनं बाहेर पडून येळ्ळूर रोडला लागलं की भाताचं शिवार सुरू होतं, शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर सगळ्यांची शेतं एकमेकांना लागून, मधनं बळ्ळारी नाला आणि जमीन अशी परातीसारखी सपाट की गड सोडला तर नजरेला अडवायला काही नाही. आपला बासमती म्हणून मिरवतो ना आपण, तो ह्याच काळ्या मातीतला.

पण कधी जायचं ते महत्त्वाचं. जून ते ऑक्टोबर विसरा. पावसाळ्यात नाला पात्र सोडून सरळ शेतात शिरतो, पिकं पाण्याखाली जातात, तिथं शेतकऱ्याच्या डोळ्यात पाणी आणि आपण फिरायला आलोय म्हणून सांगायचं, बरं दिसत नाही ते. नोव्हेंबरात भात कापणी झाली, मळण्या उरकत आल्या की जा, तिथनं फेब्रुवारीपर्यंत मजा आहे.

आता गुडघ्याचं. बांधावरनं चालायचं नाही, गाडीवाटेनंच चालायचं. बांध दिसतो छान पण तो हात-दीड हात रुंद, एका अंगाला कललेला आणि खेकड्यांनी आतनं पोखरलेला असतो, वरनं गवत असतंय म्हणून बीळ दिसत नाही आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. चांगल्या माणसाचा गुडघा पिळवटतो तिथं, तुमचं काय घेऊन बसलाय. गाडीवाट ट्रॅक्टरनं दाबून पक्की झालेली असते. फक्त सकाळी लवकर दंव असताना ती काळी माती चपलेला चिकटून एकेक पाय किलोभराचा होतो, म्हणून आठच्या पुढं, ऊन जरा वर आल्यावर निघा, आणि चपला नको, बूट घाला. घोणस, नाग शिवारात असतातच, बूट आणि हातात काठी असली की निम्मी काळजी मिटली.

नाल्याच्या अगदी काठानं मात्र जाऊ नका, शहराचं सांडपाणी आहे त्यात, वास येतो. आणि सपाटीवर माणूस फसतो तो असा, की दम लागत नाही म्हणून चालतच राहतो आणि मग लक्षात येतं की एवढंच माघारी पण जायचंय! तासभर चालायचं ठरवलं असेल तर घड्याळ बघून अर्ध्या तासाला वळा, पाय कितीही हो म्हणू देत.

प्रश्न: खानापूरला ट्रेननं येऊन दिवसभरात परत जायचंय. जंगलात शिरायचं नाही, नदी बघायचीय, सोबत आई आहे. – एक वाचक, हुबळी

उत्तर: असोगा. मलप्रभेच्या काठी रामलिंगेश्वराचं देऊळ, खानापूरपासनं चार-पाच किलोमीटर. आईंना रिक्षानं देवळापर्यंत न्या, चालणं तिथं काठानं जेवढं झेपेल तेवढं. नदी वर कणकुंबीला उगम पावते, त्यामुळं इथं ती अजून लहान आहे, पुढं सौंदत्तीला नविलुतीर्थाच्या धरणात जाऊन जी पसरते ती वेगळीच बाई. दगडं ओली असली की शेवाळ असतंय, आईंचा हात सोडू नका. संध्याकाळच्या परतीच्या गाडीचं टाइम आधी बघून ठेवा.

प्रश्न: भाऊ, निपाणीत माझं दुकान आहे, एका रविवारी पोरांना नदीकाठनं फिरवून आणावं म्हणतोय, मोबाईल तरी सुटेल हातातला. पण आमची मंडळी म्हणतात नदीत मगरी आहेत. खरं का? – निपाणी

उत्तर: वहिनींचं खरंय. कृष्णेत मगरी आहेत, सांगलीकडनं खाली आपल्या चिकोडी-अथणीच्या पट्ट्यापर्यंत लोकांना दिसतात, आणि थंडीत तर दुपारी उन्हाला काठावर येऊन पडतात. म्हणून घाबरून घरात बसायचं नाही, पण नियम एकच, काठाच्या वरच्या वाटेनं चालायचं, पाण्यापाशी उतरायचं नाही, हातपाय धुवायला पण नाही, आणि दिवस मावळायच्या आत घरी.

पोरं लहान असतील तर मी म्हणेन कृष्णा राहू दे, जवळची वेदगंगा बघा. अक्कोळ-सिदनाळ बंधारा, जत्राट-भिवशी बंधारा, हे तुम्हाला पेपरातनं पाठ असतील, दर पावसाळ्यात "बंधारे पाण्याखाली" म्हणून ह्यांचीच नावं येतात. दिवाळीनंतर हेच बंधारे कोरडे असतात, ह्या गावातनं त्या गावात माणसं, म्हशी, मोटरसायकली सगळं त्यावरनं चाललेलं असतं. अक्कोळच्या बाजूला गाडी लावायची, बंधाऱ्यावर जाऊन पाणी बघायचं, मग मळीच्या रानातनं पाणंदीनं तासभर. बंधाऱ्याला कठडा असेलच असं धरू नका, पोरांचा हात धरूनच न्या, आणि तिथं पाण्याला ओढ असते, पोहायचा हट्ट अजिबात ऐकू नका.

पोरांना दाखवायचं ते एक सांगतो. काठावरच्या झाडांच्या फांद्यांकडं वर बघायला सांगा. उसाचा पाला, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाच्या साडीची चिंधी, असं सगळं तुमच्या डोक्याच्या कितीतरी वर अडकलेलं दिसतं. पूर तिथपर्यंत येऊन गेलाय. २०१९ च्या ऑगस्टात ह्याच वेदगंगेनं यमगर्णीला हायवे बंद पाडला होता, पुणे-बेंगळूरचा! मग २०२१ च्या जुलैत परत. आत्ता गुडघाभर दिसणारी नदी हे करते म्हटल्यावर पोरं मोबाईल आपोआप खिशात घालतील (किंवा फोटो काढायला बाहेर काढतील, त्याला इलाज नाही). खंड्या, टिटवी, बगळे तर हमखास.

एक गैरसोय सांगून ठेवतो. उसाचा सीझन आणि फिरायचा सीझन एकच पडतो. ट्रॉल्या अरुंद पाणंदीतनं येतात, उसामुळं वळणावर पुढचं काही दिसत नाही, ट्रॅक्टरचं गाणं ऐकू आलं की आधीच बाजूला व्हायचं. आणि फड पेटवलेला दिसला तर तिथनं सरळ माघारी. मोठ्या माणसांना कृष्णाच बघायची असेल तर येडूरला वीरभद्राचं दर्शन घेऊन वरच्या काठानं थोडं चाला. त्या बाजूला रानात कन्नड बोलणारे जास्त भेटतील, "अण्णा, होगबहुदा?" एवढं विचारलं तरी माणूस काम सोडून दोन शेतं सोबत येतो.

प्रश्न: मुलगा इंग्लंडला केंब्रिजमध्ये आहे, मेमध्ये तीन महिने जाणार आहोत. तो दिवसभर ऑफिसला, आम्ही दोघं काय करणार? चालायची सवय आहे पण डोंगर नको. – एक जोडपं, शहापूर

उत्तर: अहो तुम्ही लकी आहात, डोंगर शोधायचा म्हटला तरी मिळणार नाही तिथं! केंब्रिजच्या उत्तरेला फेन्स म्हणून सगळा दलदलीचा प्रदेश होता, सतराव्या शतकात फेर्मायडन नावाच्या डच इंजिनिअरला आणून सरळसोट कालवे खणून पाणी काढलं आणि शेती केली. गंमत अशी झाली की पाणी गेल्यावर तिथली काळी माती वाळून आक्रसत गेली आणि जमीनच खाली बसली. होम फेन इथं १८५० च्या सुमारास एक खांब डोक्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता, तो आता जवळजवळ ४ मीटर बाहेर उभा आहे. समुद्रसपाटीच्याही खाली आहे ती जमीन. त्यामुळं तुम्ही बांधावरनं चालताना नदी उंचावर आणि शेतं खाली असं उलटं चित्र दिसेल.

सुरुवात ग्रँटचेस्टरनं करा, केंब्रिजपासनं कॅम नदीच्या काठानं कुरणातनं तीन-चार किलोमीटर, तिथं चहा प्या, परत या. मग विकन फेन, नॅशनल ट्रस्टनं १८९९ पासनं सांभाळलेली दलदल, पाय ओले होऊ नयेत म्हणून तिथं लाकडी फळ्यांची वाट आहे. आणि ईली, ट्रेननं पंधरा-वीस मिनिटं, तिथलं कॅथेड्रल सपाटीवर लांबनं जहाजासारखं दिसतं म्हणून त्याला फेन्सचं जहाजच म्हणतात. केंब्रिज ते किंग्ज लिन अशी नदीकाठची फेन रिव्हर्स वे ही वाट साधारण ८० किलोमीटर आहे, ती सगळी करायला जाऊ नका, ईलीच्या आसपासचा तुकडा पुरे.

वाऱ्याला अडवायला तिथं काही नाही, मेमध्येसुद्धा जाकीट लागेल. उजेड रात्री नऊपर्यंत असतो त्यामुळं जेवण करून निघालात तरी चालतंय. वाटेत गाई असतात, फाटक उघडलं की मागं लावायचं. "पब्लिक फूटपाथ" अशी पाटी दिसली की बिनधास्त शेतातनं जा, मालकाला विचारायची गरज नाही, त्या वाटेवरनं जायचा लोकांना कायद्यानं हक्क आहे. फक्त ही सवय शहापूरला परत आणू नका, का ते पुढच्या पत्रात बघा.

प्रश्न: साहेब, तुमच्या सदरात बघून लोक आमच्या शिवारात यायला लागलेत. भात काढलंय म्हणजे रान मोकळं असं समजून मधनंच चालतात, बसून डबे खातात, फोटो काढतात. आम्ही मसूर पेरलेला असतो तिथं. वर गाड्या वाटेत लावतात, ट्रॅक्टर न्यायचा कुठनं? – एक शेतकरी, येळ्ळूर

उत्तर: तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि हे पत्र आम्ही मुद्दाम आहे तसं छापतोय. वाचकांनो, भाताची धसकटं दिसली म्हणून रान रिकामं नसतं. भात निघालं की जमिनीतल्या ओलीवर लगेच मसूर, वाटाणा, हरभरा पडतो, वरनं पाणी द्यायचं नाही, त्या ओलीवरच पीक येतं. वाकून बघितलंत तर धसकटांच्या मधनं दोन-दोन पानांचे बोटभर कोंब दिसतील, उभ्यानं दिसत नाहीत. तुमच्या बुटाखाली गेलेला कोंब परत उठत नाही आणि दाबलेली जमीन लवकर वाळते ते वेगळंच.

तर गाडी मेन रोडलाच लावायची, गाडीवाटेच्या तोंडाशी नाही. चार-पाच जणांच्या वर घोळका नको. शेतात माणूस दिसला तर लांबनंच हाक मारून विचारायचं, "मामा, ह्या वाटेनं गेलं तर चालेल का?" नाही म्हणाले तर दुसरी वाट. डबा खायचा तर कुणाच्या खळ्यावर विचारून, आणि कागद-पिशव्या परत न्यायच्या. वाटेत कुणी ओला वाटाणा विकायला बसलं असेल तर घासाघीस न करता किलोभर घ्या.

मामा, तुम्हाला एक विनंती, गाडीवाटेच्या तोंडाला "पेरलेलं आहे, वाटेनंच जा" अशी एक पाटी मराठी-कन्नडमध्ये लावता आली तर बघा, पुढच्या अंकात फोटो छापतो.