एकच व्हॉट्सॲप नंबर दोन फोनवर आणि लॅपटॉपवर एकाच वेळी चालतो का? मुख्य फोन बंद असला तर?

हो, चालतो, आणि मुख्य फोन बंद असला तरी मेसेज येत-जात राहतात. मुख्य फोनखेरीज आणखी ४ उपकरणं जोडता येतात, त्यात एप्रिल २०२३ पासून दुसरा फोनही धरला जातो. पूर्वी लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप प्रत्येक मेसेज फोनमार्फतच आणायचं, त्यामुळे फोनची बॅटरी संपली की सगळंच ठप्प. आता प्रत्येक जोडलेल्या उपकरणाला स्वतःची एन्क्रिप्शन की (मेसेज गुप्त ठेवणारी डिजिटल किल्ली) असते आणि ते थेट सर्व्हरशी बोलतं.

लॅपटॉप जोडणं बहुतेकांना जमतं. गोंधळ होतो तो दुसऱ्या फोनवर. तिथे नंबर टाकून ओटीपी मागवू नका, नाहीतर खातं त्या फोनवर जाईल आणि पहिला फोन लॉग आउट होईल. नंबर विचारणाऱ्या पानावरच मेनूमध्ये, आधीच्या खात्याला जोडण्याचा पर्याय असतो. तो निवडला की क्यूआर कोड दिसतो. मग:

- पहिल्या फोनवर 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा
- 'लिंक अ डिव्हाइस' दाबून तो कोड स्कॅन करा

चॅट उतरायला थोडा वेळ लागतो, आणि फार जुने मेसेज सगळे येतीलच असं नाही.

एक अट मात्र आहे: मुख्य फोनवर १४ दिवसांहून जास्त काळ व्हॉट्सॲप उघडलं नाही, तर जोडलेली उपकरणं आपोआप लॉग आउट होतात. म्हणजे सिम असलेला जुना फोन कपाटात टाकून कायमचं विसरता येणार नाही.