खासगी नाणेसंग्रहालयाचा खर्च भागतो कसा?
तिकिटांवर जवळजवळ कधीच भागत नाही. खर्च उचलतो तो संस्थापक, त्याचा ट्रस्ट किंवा सभासदांची संस्था. नाण्यांना जागा कमी लागते, पण विमा, पहारा, हवेतल्या दमटपणावर नियंत्रण आणि जाणकार माणसाचा पगार हे खर्च बारमाही, प्रेक्षक दहा येवोत की हजार. अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्ज इथलं 'मनी म्युझियम' घ्या. ते १८९१ साली स्थापन झालेल्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन या नाणेप्रेमींच्या संस्थेचं आहे आणि तिचा आधार म्हणजे सभासदांची वर्गणी, देणग्या आणि तिने भरवलेली नाणेप्रदर्शनं. दुकानातल्या प्रतिकृती, कार्यशाळा, छायाचित्रांचे हक्क यांतून थोडीफार भर पडते. (संग्रहालय बँकेचं असेल तर प्रश्नच मिटला.) एकाच प्रकारची जादा नाणी विकून पैसा उभा करता येतो, पण आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची नीतिसंहिता म्हणते की तो पैसा संग्रहासाठीच, सहसा नव्या खरेदीसाठी वापरावा, वीजबिलासाठी नव्हे. अर्थात ही संहिता म्हणजे कायदा नाही. संग्रह मालकाच्या स्वतःच्या नावावर असेल तर ती पाळणं बरंचसं त्याच्या मर्जीवर असतं.