इंटिग्रेशनची भीती आणि कॉम्प्युटर सायन्सचं गणित

प्रश्न : मी निफाड तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. पीसीएम घेऊन बारावीची परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे. एमएचटी-सीईटीत गणिताने घात केला, त्यामुळे नाशिकला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला नंबर लागेल असं वाटत नाही. बाबा म्हणतात, कांद्याचे पैसे आलेत, मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ. मला ते नको वाटतं. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करू की गणित टाळायला बीसीए? इंटिग्रेशन म्हटलं तरी पोटात गोळा येतो.

उत्तर : दरवर्षी मे-जूनमध्ये आजूबाजूच्या तालुक्यांतून मुलं-मुली हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, त्यामुळे तुझा गोळा मला ओळखीचा आहे. तू आधी एक काम कर. बारावीच्या गणिताचं भाग 1 चं पुस्तक काढ आणि पहिलं प्रकरण उघड. लॉजिक. ट्रुथ टेबल, ‘आणि’, ‘किंवा’, ‘जर-तर’, शेवटी स्विचची सर्किटं. त्याच्या पुढचं प्रकरण मॅट्रिक्सचं. अकरावीच्या पुस्तकात सेट्स, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, इंडक्शन, प्रोबॅबिलिटी. कॉम्प्युटर सायन्सचं गणित मुख्यतः या प्रकरणांवर उभं आहे. इंटिग्रेशन त्यात मागच्या बाकावर बसतं. ज्या गणिताला तू घाबरतेस आणि जे तुला लागणार आहे, ते बरंचसं वेगळं आहे.

एक उदाहरण बघ. एखाद्या आडत्याकडे 1,000 शेतकऱ्यांची नावं अकारविल्हे लिहिलेली वही आहे. त्यात बाबांचं नाव शोधायचं आहे. पहिल्या नावापासून वाचत गेलीस तर हजारही नोंदी चाळाव्या लागतील. त्यापेक्षा बरोबर मधली नोंद बघ, नाव तिच्या अलीकडे की पलीकडे ते ठरव, नको ती अर्धी वही सोडून दे आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच कर. जास्तीत जास्त 10 वेळा बघून नाव सापडतं. वही 10 लाख नावांची झाली तरी 20 वेळा. हे 10 आणि 20 कुठून आले? तू पाठ केलेल्या लॉगरिदममधून, फक्त पाया 2 चा. हे वाचताना पोटात गोळा आला का? नसेल आला, तर बीएस्सी सीएस तुझ्यासाठी आहे.

पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला बारावी सायन्सला गणित असावं लागतं, ते तुझ्याकडे आहे. वेगळी सीईटी नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. नाशिकच्या केटीएचएम आणि आरवायके या दोन्ही कॉलेजांचे फॉर्म निकालानंतर लगेच भर. बीसीएला मात्र 2024-25 पासून सीईटी सेलची स्वतंत्र परीक्षा आहे. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांसाठी तो चांगला रस्ता आहे, पण गणित तिथेही सुटत नाही, आणि पुढे एमसीएच्या सीईटीतही ते असतंच. टाळण्यासाठी म्हणून कोर्स निवडलास तर तीन वर्षांनी त्याच दारात उभी राहशील.

मॅनेजमेंट कोट्याबद्दल तुझं मन बरोबर सांगतंय. बाबांना हे दाखव : 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण शुल्क माफी आहे, पण ती कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या प्रवेशालाच. कोट्यातून गेलीस तर फीही मोठी आणि माफीही गेली. म्हणून कॅपचा फॉर्म तेवढा भरून ठेव, नंबर लागला तर विचार करता येईल. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर आणि जातवैधता यासाठी सेतूत आत्ताच जा. निकालानंतर तिथे रांग लागते.

आता बीएस्सीबद्दल, कारण खरं नियोजन इथे लागतं. पहिल्या वर्षाची सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा कच्ची राहिली की दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहितीची मांडणी, हा विषय अडतो, आणि त्याच्यामागे ऑपरेटिंग सिस्टिम. प्रॅक्टिकलला स्लिप, म्हणजे प्रश्नांच्या ठरलेल्या चिठ्ठ्या, येतात, आणि त्यांची उत्तरं मुलं सीनियरकडून घेऊन पाठ करतात. एक हुशार मुलगी माझ्याकडे आली होती, सगळ्या स्लिप तोंडपाठ. मी तिला कागदावर फक्त दोन व्हेरिएबलची अदलाबदल पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा व्हेरिएबल) वापरून करायला सांगितली. तिने पानभर लिहिलं, पण पत्ता कुठला आणि किंमत कुठली हे तिला सांगता येईना. ती दुसऱ्या वर्षाच्या शेवटी होती आणि बॅक दोन विषयांत होता. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं, कारण चूक पहिल्या सेमिस्टरला झाली होती आणि तेव्हा ती महिनाभरात सुधारता आली असती. तू पहिले चार महिने प्रत्येक प्रोग्रॅम आधी वहीत लिही, प्रत्येक ओळीनंतर कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते शेजारी मांड, मगच टाईप कर. त्यासाठी महागडा लॅपटॉप लागत नाही. 8 जीबी रॅमचा रिफर्बिश्ड मिळाला आणि त्यात लिनक्स चाललं तरी पुरे.

नव्या शैक्षणिक धोरणात दर सेमिस्टरला 22 क्रेडिट आहेत. तीन वर्षांत 132 झाले की पदवी, चौथं वर्ष केलंस तर ऑनर्स. हा निर्णय पाचव्या सेमिस्टरपर्यंत लांबव. माझा कल तीन वर्षं आणि मग एमसीए, म्हणजे एकूण पाच वर्षं, असा आहे. बीएस्सीनंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पण त्यात सहा वर्षं जातात.

प्रॅक्टिकल बऱ्याचदा दुपारनंतर असतात. निफाडहून अर्ध्या तिकिटात एसटीने येशील, तरी नाशिकहून परतीची शेवटची सोयीची गाडी कितीची हे प्रवेशाआधी स्वतः जाऊन बघ. ती गाठायला प्रॅक्टिकल अर्धवट सोडावं लागणार असेल, तर कोट्याचा विषय बंद करून बाबांशी होस्टेलबद्दल बोल.

निकालाला अजून दिवस आहेत. लॉजिकच्या प्रकरणातली स्विचिंग सर्किटची गणितं सोडवून बघ आणि मला कळव, किती आपलीआपण सुटली.