रातांबा, आमसूल, आगळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळी फळांविषयीचे प्रश्न आम्ही वाचकांकडून मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी कोकमाविषयीची असल्यामुळे या वेळचे सदर त्याच एका फळासाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : दुकानात कोकम, आमसूल, आगळ आणि अमृत कोकम अशा नावांच्या वस्तू मिळतात. या सगळ्या एकच आहेत का? आमसूल घेताना काय पाहावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फळ एकच, पण या वस्तू निरनिराळ्या आहेत आणि स्वयंपाकात एकीच्या जागी दुसरी वापरली तर पदार्थाची चव बिघडते. कोकमाच्या झाडाच्या पिकलेल्या, गडद लाल-जांभळ्या फळाला कोकणात रातांबा म्हणतात. एप्रिल-मेमध्ये रातांबे काढून, धुऊन, मधोमध कापतात आणि आतला गर व बिया बाजूला करतात. सालीच्या वाट्या उन्हात वाळत घालतात. गर-बियांना मीठ लावून जो रस सुटतो, त्यात त्या वाट्या पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात. ही पुटे जितकी नीट बसतील तितके आमसूल गडद, मऊ आणि टिकाऊ होते, आणि म्हणूनच ऐन हंगामात आकाश भरून आले की कोकणातल्या अंगणांत एकच धावपळ उडते, कारण अर्धवट वाळलेल्या सालींना बुरशी लागायला वेळ लागत नाही.

आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला रातांब्याचा रस. सोलकढीसाठी तोच वापरावा. तो नसेल तर आमसुले कोमट पाण्यात भिजवून कुस्करली तरी चालते. अमृत कोकम मात्र गोड असते. ताज्या सालींच्या वाट्यांत साखर भरून, त्या बरणीत एकावर एक रचून बरणी काही दिवस उन्हात ठेवली की साखर विरघळून जो दाट पाक तयार होतो, ते अमृत कोकम. त्यात मीठ आणि जिरेपूड घालून वर थंड पाणी ओतले की सरबत तयार होते.

आमसूल घेताना ते बोटांनी वाकवून पाहावे. चांगले आमसूल न तुटता वाकते, त्याचा रंग काळपट लाल असतो आणि पाण्यात टाकल्यावर थोड्याच वेळात पाणी लाल होऊ लागते. कडकडीत वाळून मोडणारे आमसूल जुने समजावे. वर मिठाचा पांढरा थर दिसत असेल आणि हाताला ओलसर लागत असेल, तर आपण आमसुलाच्या भावाने मीठ विकत घेत आहोत असे खुशाल समजावे. घरी आणल्यावर ते काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवावे. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आमसुलाचे कोणतेही पदार्थ कळकतात.

प्रश्न : कोकम मूळचे आपल्याकडचे, की काजू-अननसाप्रमाणे पोर्तुगीजांनी आणलेले? (एक वाचक, पणजी)

उत्तर : कोकम अस्सल इथलेच आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कोकण आणि गोव्यापासून कर्नाटकाच्या किनारपट्टीपर्यंत आणि पुढे केरळच्या उत्तर भागापर्यंत ते रानात आपोआप वाढते. काजू, अननस, पेरू आणि पपई ही फळे अमेरिका खंडातून आली. कोकम, करवंद, जांभूळ आणि फणस यांना कोणी आणावे लागले नाही.

चरकसंहितेत ‘हृद्य’ म्हणजे मनाला रुचणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण सांगितला आहे. त्यात आंबा, बोर, डाळिंब, महाळुंग अशा फळांच्या सोबतीने करमर्द म्हणजे करवंद आणि वृक्षाम्लही येते, आणि वृक्षाम्ल म्हणजे कोकम असे सामान्यतः मानले जाते. दहाही द्रव्ये आंबट किंवा आंबट-गोड फळेच आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आंबट चवीने तोंडाला रुची येते हे आपल्या पूर्वजांनी नीट हेरले होते. पुढे गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात याच फळाची नोंद ‘ब्रिंदांव’ अशा नावाने केली आहे. गोव्यात या झाडाला आजही भिंड म्हणतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

प्रश्न : माझ्या यजमानांना मधुमेह आहे आणि मला रक्तदाब. आम्ही कोकम घ्यावे का? कोकमाने वजन उतरते आणि पित्त शमते हे खरे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण दोघांनीही कोकम जरूर घ्यावे, मात्र ते कोणत्या रूपात घेता यावर सारे अवलंबून आहे. अमृत कोकमात साखर भरपूर असते, म्हणून ते आपल्या यजमानांसाठी योग्य नाही. आगळात मीठ भरपूर असते, म्हणून ते रोज पेलाभर पिणे आपल्यासाठी योग्य नाही. चार-पाच आमसुले एकदा पाण्याने विसळून तासभर भिजवावीत, कुस्करून गाळावीत आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून ते पाणी वरून मीठ किंवा साखर न घालता प्यावे. दोघांनाही ते चालण्यासारखे आहे. डॉक्टरांनी मीठ अगदी मोजून घ्यायला सांगितले असेल, तर मात्र आधी त्यांना विचारावे.

वजनाच्या बाबतीत सावध राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते आणि शरीरात पिष्टमय पदार्थांपासून चरबी तयार होण्याच्या क्रियेतील एका विकराला ते अडवते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. त्याच आधारावर या कुळातील फळांच्या अर्काच्या गोळ्या विकल्या जातात. परंतु माणसांवर झालेल्या चाचण्यांत वजनात लक्षणीय आणि टिकाऊ घट दिसलेली नाही, आणि असा अर्क असलेली उत्पादने घेतल्यानंतर काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतल्या दोन आमसुलांची भीती बाळगण्याचे कारण नाही. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी पिण्याची आणि अंगाला लावण्याची रीत घरोघरी आहे. त्याने बरे वाटत असेल तर ते करण्यास हरकत नाही, पण ओठ किंवा डोळे सुजले अथवा श्वास अडखळू लागला, तर घरगुती उपायांत क्षणाचाही वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. छातीत जळजळ होणे हा वेगळा विकार आहे. कोकम स्वतः आम्लधर्मी असल्यामुळे जठरात व्रण असलेल्यांना त्याचा त्रासही होऊ शकतो.

प्रश्न : अंगणात बी लावून वाढवलेले कोकम फुलते, पण फळ धरत नाही. काय करावे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपले झाड बहुधा नर आहे. कोकमात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात आणि बियांपासून वाढवलेल्या रोपाचे लिंग ते फुलल्याशिवाय कळत नाही, ज्याला सात-आठ वर्षे सहज लागतात. नर झाड तोडू नये, आजूबाजूच्या मादी झाडांना त्याच्या परागाचा उपयोग होतो. जागा असल्यास शेजारी मादी झाडाचे कलम लावावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या जाती विकसित केल्या आहेत. कलम घेताना ते सरळ उभ्या वाढणाऱ्या फांदीच्या काडीचे आहे याची रोपवाटिकेत खात्री करून घ्यावी, कारण आडव्या फांदीच्या काडीचे कलम झाडासारखे उंच न वाढता जमिनीलगत पसरत राहते.