क्लिक येतात, ऑर्डर येत नाहीत: बोली वाढवण्याआधी काय पाहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑनलाइन दुकानासाठी गुगल अ‍ॅड्सवर सर्च जाहिरात, म्हणजे शोधाच्या निकालांत दिसणारी जाहिरात, सुरू केली, दिवसाचे बजेट लवकर संपते, क्लिक भरपूर येतात, ऑर्डर जवळजवळ नाहीत, तर बोली, म्हणजे एका क्लिकसाठी देऊ केलेली कमाल रक्कम, वाढवून वरची जागा घ्यावी का?

वाढवू नका. या लक्षणांवर बहुतेक वेळा बोली उतरवणेच योग्य ठरते. पण तेही नंतर. त्याआधी एक क्लिक तुम्हाला कितीला परवडतो, पैसे नेमक्या कुठल्या शोधांवर जातात आणि ऑर्डरची मोजणी खरी आहे का, हे पाहायला हवे.

परवडण्याचा हिशोब कागदावर पाच मिनिटांत होतो, तरी बहुतेक जण तो करतच नाहीत. चलन कुठलेही असो, सोयीचे आकडे घेऊ. वस्तू 1000 ला विकली जाते. तिची खरेदी 550, पॅकिंग, कुरियर आणि पेमेंटचे शुल्क मिळून 130, परत येणाऱ्या मालाचा प्रत्येक ऑर्डरवर पडणारा भार 70. उरले 250. जाहिरातीवरून आलेल्या 100 जणांपैकी 2 जण खरेदी करत असतील, तर एका ऑर्डरला 50 क्लिक लागतात. 250 भागिले 50, म्हणजे 5. क्लिक 5 ला पडला तर नफाही नाही, तोटाही नाही. ऑर्डरमागे 100 हातात राहायला हवे असतील तर क्लिक 3 च्या पुढे जाता कामा नये.

जाहिरातीवरच्या खर्चाच्या किती पट विक्री झाली, या ‘रोआस’ नावाच्या आकड्यालाही हाच हिशोब लागू होतो. इथे 1000 भागिले 250, म्हणजे 400 टक्क्यांच्या खाली सगळा तोटा. 300 टक्के ऐकायला छान वाटते, पण त्यात एका ऑर्डरमागे 333 जाहिरातीला जातात आणि तुमच्याकडे असतात 250. आणखी एक पाहा: 100 मधले 2 ऐवजी 3 जण खरेदी करू लागले, तर परवडणारा क्लिक 5 वरून थेट 7.5 वर जातो. म्हणून साइट सुधारणे हे जाहिरातीचेच काम आहे.

आता लिलाव. जाहिरातींचा क्रम आणि क्लिकची किंमत प्रत्येक शोधाच्या वेळी होणाऱ्या लिलावात ठरते. अशा जाहिरातींचा सुरुवातीचा मोठा प्रयोग गोटू डॉट कॉम या शोधसाइटने 1998 मध्ये केला. तिथे जास्त बोली लावणारा वर, आणि तो स्वतःची पूर्ण बोली भरायचा. गुगलने 2000 मध्ये अ‍ॅडवर्ड्स आणले आणि 2002 मध्ये क्लिकप्रमाणे आकारणी सुरू करताना दोन बदल केले: क्रम ठरवताना बोलीबरोबर जाहिरातीला किती क्लिक मिळतात हेही धरले, आणि प्रत्येकाने फक्त खालच्याला मागे टाकण्यापुरते पैसे भरायचे ठरवले. नाव 2018 मध्ये बदलून गुगल अ‍ॅड्स झाले. आज त्यात शोधणाऱ्याचे ठिकाण, उपकरण, वेळ, जाहिरात दिसण्यासाठी लागणारी किमान पात्रता, जाहिरातीला जोडलेल्या लिंका असे बरेच काही मिसळते, पण गाभा समजण्यासाठी ‘बोली गुणिले दर्जा’ एवढे पुरे.

तिघे जण आहेत असे समजा. तुमची बोली 8, दर्जा 4, गुणाकार 32. दुसऱ्याची बोली 5, दर्जा 8, गुणाकार 40. तिसऱ्याची बोली 6, दर्जा 3, गुणाकार 18. सगळ्यात कमी बोलीवाला सगळ्यात वर बसतो आणि क्लिकला साधारण 32 भागिले 8, म्हणजे 4 भरतो. तुम्ही त्याच्या खाली आहात आणि तरी 18 भागिले 4, म्हणजे 4.5 भरता. आता तुम्ही बोली 11 केली. गुणाकार 44, पहिली जागा मिळाली, पण प्रत्येक क्लिक 40 भागिले 4, म्हणजे 10 ला. एक पायरी वर जायला किंमत दुपटीहून जास्त झाली, आणि वरच्या हिशोबात तुम्हाला 5 च्या पुढचा क्लिक परवडतच नाही. उलट दर्जा 6 वर नेला आणि बोली 5 वर उतरवली, तर गुणाकार 30, जागा तीच दुसरी, आणि क्लिक 18 भागिले 6, म्हणजे 3 ला. हवा होता तोच आकडा.

खात्यात दिसणारा 1 ते 10 चा क्वालिटी स्कोअर हा त्या दर्जाचा ढोबळ आरसा आहे. लिलावात तोच आकडा वापरला जात नाही. तिथे प्रत्येक शोधाच्या वेळी नवा अंदाज बांधला जातो. म्हणून स्कोअरच्या मागे धावू नका, त्याचे तीन भाग वाचा: क्लिक मिळण्याची अपेक्षित शक्यता, जाहिरातीचा शोधाशी मेळ, आणि लँडिंग पेजचा, म्हणजे क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा, अनुभव. प्रत्येकासमोर सरासरीपेक्षा वर, सरासरी किंवा खाली असे लिहिलेले असते. ‘खाली’ लिहिलेल्या भागावर काम करा, बाकीचे सोडून द्या.

पैसे सगळ्यात जास्त गळतात ते कीवर्ड आणि प्रत्यक्ष शोध यांच्यातल्या फटीतून. जाहिरात दाखवण्यासाठी तुम्ही लावलेला शब्द, म्हणजे कीवर्ड, वेगळा आणि माणसाने शोधपेटीत टाइप केलेले शब्द वेगळे. ‘धावण्याचे बूट’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर, म्हणजे सगळ्यात सैल जुळणीवर, ठेवला, तर जाहिरात ‘बूट दुरुस्ती’, ‘बूट कसे धुवावेत’ अशा शोधांवरही जाऊ शकते. फ्रेज मॅचमध्ये तुमच्या कीवर्डचा अर्थ शोधात असावा लागतो, एक्झॅक्ट मॅचमध्ये अर्थ किंवा हेतू तोच असावा लागतो. नाव ‘एक्झॅक्ट’ असले तरी समानार्थी शब्द त्यातही चालतात, हे जुन्या माहितीवर विसंबणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जुना ब्रॉड मॅच मॉडिफायर, म्हणजे शब्दाआधी अधिकचे चिन्ह लावण्याची पद्धत, 2021 मध्ये बंद झाला. नवे खाते आणि छोटे बजेट असेल तर माझे मत स्पष्ट आहे: एक्झॅक्ट आणि फ्रेजवर सुरू करा. ब्रॉड मॅच ऑर्डरची मोजणी पक्की झाल्यावर, ऑटोमॅटिक बिडिंगच्या, म्हणजे गुगलने स्वतः बोली ठरवण्याच्या, जोडीने, वेगळ्या कॅम्पेनमध्ये (मोहिमेत) तपासा.

लोकांनी टाइप केलेले शोध दाखवणारा सर्च टर्म्स रिपोर्ट उघडा, मागचे 30 दिवस निवडा, खर्चाच्या उतरत्या क्रमाने लावा. त्यात सगळे शोध दिसत नाहीत. फार कमी लोकांनी केलेले शोध गुगल 2020 पासून दाखवत नाही. जे दिसतात त्यांतले तुमच्याशी संबंध नसलेले शब्द निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्यांवर जाहिरात दिसू नये असे शब्द, म्हणून टाका: ‘दुरुस्ती’, ‘फुकट’, ‘जुने’, ‘नोकरी’, ‘चित्र’. निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द किंवा एकवचन-अनेकवचन आपोआप पकडत नाहीत. ज्या भाषेत शब्दांना प्रत्यय लागतात, तिथे ‘दुरुस्ती’, ‘दुरुस्तीचे’, ‘दुरुस्तीसाठी’ अशी रूपे स्वतंत्र टाकावी लागतात, आणि लोक रोमन लिपीत टाइप करतात ती रूपेही. एकच शब्द निगेटिव्ह करताना जपून: तो शब्द असलेला प्रत्येक शोध बंद होतो. ‘स्वस्त’ घाईने बंद केला आणि तुमचे निम्मे खरे ग्राहक तोच शब्द टाइप करत असतील, तर नुकसान तुमचेच.

काही सेटिंग्ज आधीपासून चालू येतात, ती लगेच पाहा. सर्च कॅम्पेनमध्ये डिस्प्ले नेटवर्क, म्हणजे शोधाबाहेर इतर साइटवर जाहिरात दाखवणे, चालू असेल तर बंद करा. सर्च पार्टनर्स, म्हणजे गुगलशी जोडलेल्या इतर साइटवरचे शोध, सुरुवातीला बंद ठेवा, नंतर मोजून चालू करा. ठिकाणाच्या पर्यायात ‘तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले’ असे आधीच निवडलेले असते. जिथे माल पोचवता तिथल्याच लोकांना जाहिरात दिसावी म्हणून ‘तिथे असलेले’ एवढाच पर्याय निवडा. गुगलच्या शिफारशी आपोआप लागू होण्याचे बटणही पाहा, नाहीतर तुमच्या नकळत नवे कीवर्ड जोडले जातात.

बजेटची गंमत अशी की तुम्ही लिहिता ती रोजची सरासरी असते. एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याला मात्र त्या रकमेच्या 30.4 पटीपलीकडे आकारणी होत नाही. तेव्हा एका दिवसाच्या खर्चावरून निष्कर्ष काढू नका. ‘इम्प्रेशन शेअर’, म्हणजे जाहिरात दिसू शकली असती त्यांपैकी किती वेळा दिसली तो वाटा, याचे दोन रकाने लावा: बजेटमुळे गमावलेला आणि रँकमुळे, म्हणजे लिलावात मागे पडल्यामुळे, गमावलेला. बजेटमुळे गमावलेला मोठा असेल, आणि तुमच्या वर्णनावरून तसाच असणार, तर बोली वाढवल्याने तेवढ्याच पैशांत कमी क्लिक मिळतील. बोली उतरवली की तेच बजेट जास्त क्लिकना पुरते. बोली वाढवायचा विचार रँकमुळे गमावलेला भाग मोठा असेल तेव्हाच, आणि तोही परवडणाऱ्या आकड्याच्या आत.

मोजणीकडे या. कन्व्हर्जन ट्रॅकिंग, म्हणजे जाहिरातीवरून आलेल्या ऑर्डरची मोजणी, चुकीचे असेल तर वरचे सगळे आकडे निरर्थक होतात. स्वतःच्या जाहिरातीवर एकदा क्लिक करून खरी ऑर्डर टाका आणि दुसऱ्या दिवशी ती खात्यात दिसते का पाहा. हमखास सापडणारे दोष: ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण खरेदी म्हणून मोजले जाते, धन्यवादाचे पान रिफ्रेश केले की तीच ऑर्डर दुसऱ्यांदा मोजली जाते (त्यावर ऑर्डर क्रमांक सोबत पाठवणे हा इलाज), साइटवरच्या रीडायरेक्टमध्ये पत्त्यामागे लागलेला क्लिकचा ओळखक्रमांक गळून पडतो आणि ऑर्डर जाहिरातीच्या नावावर चढतच नाही. एका क्लिकनंतरच्या किती नोंदी धरायच्या, या सेटिंगमध्ये खरेदीसाठी ‘प्रत्येक’ निवडा, फॉर्म भरून चौकशी करणाऱ्यांसाठी ‘एक’. दर महिन्याला खात्यातली ऑर्डरसंख्या तुमच्या विक्रीच्या वहीशी ताडून पाहा. थोडा फरक राहणारच, कारण खात्यात ऑर्डर क्लिकच्या तारखेला नोंदवली जाते आणि सहसा क्लिकनंतर 30 दिवसांपर्यंतची खरेदी धरली जाते. फरक दुपटीचा असेल तर मोजणी मोडली आहे.

ऑटोमॅटिक बिडिंग याच आकड्यांवर शिकते. मोजणी चुकलेली असेल तर ते चुकीच्या लोकांना आणण्यात फार पटाईत होते. महिन्याला चार-पाच ऑर्डर असताना टार्गेट रोआस, म्हणजे ठरवलेला रोआस गाठण्यासाठी आपोआप लागणारी बोली, लावण्यात अर्थ नाही. त्याला शिकायला पुरेसे उदाहरणच मिळत नाही. तोवर क्लिकच्या कमाल मर्यादेसह मॅन्युअल बोली ठेवा. महिन्याला तीसेक ऑर्डर नियमित होऊ लागल्या की बदला, आणि टार्गेट एकदम न हलवता 10 ते 20 टक्क्यांनी, मध्ये दोन आठवडे जाऊ देत.

‘या कीवर्डला ऑर्डरच नाही, बंद करू का?’ हा पुढचा प्रश्न येईल. 2 टक्के खरेदीच्या दराने 50 क्लिकमध्ये एकही ऑर्डर न येण्याची शक्यता 36 टक्के असते, म्हणजे चांगला कीवर्डही सहज असा दिसू शकतो. 150 क्लिक होऊनही ऑर्डर नसेल तर ती शक्यता 5 टक्क्यांच्या आत येते. तेव्हा शब्दाचा संबंधच नसेल तर पहिल्याच क्लिकला काढा. शब्द योग्य असेल तर एका ऑर्डरला लागणाऱ्या क्लिकच्या तिप्पट क्लिक होईपर्यंत थांबा. छोट्या बजेटमध्ये वीस-तीस कीवर्ड ठेवले तर कुणालाच 150 क्लिक मिळत नाहीत, म्हणून सुरुवातीला पाच ते दहा कीवर्ड पुरे.

जाहिरातीच्या मजकुराला 30 अक्षरांपर्यंतची 15 शीर्षके आणि 90 अक्षरांपर्यंतची 4 वर्णने देता येतात; एका वेळी त्यातली जास्तीत जास्त 3 शीर्षके आणि 2 वर्णने दिसतात. किंमत, पोचवण्याची मुदत आणि परतीची अट मजकुरात लिहा. किंमत वाचून ज्याला परवडत नाही तो क्लिकच करत नाही, आणि तो क्लिक न मिळणे तुमच्या फायद्याचे आहे. क्लिक करणारा थेट त्या वस्तूच्या पानावर उतरावा, मुखपृष्ठावर नाही.

दुकानाच्या स्वतःच्या नावावरचे शोध वेगळ्या कॅम्पेनमध्ये काढा. तिथे क्लिक स्वस्त आणि ऑर्डर भरपूर दिसतात, पण त्यातले बरेच जण तसेही तुमच्याकडे आले असते. ते बाकीच्यांत मिसळले की सरासरी सुंदर दिसते आणि खाली तोटा लपून राहतो.

इतके करूनही अडले, तर पुढचे आकडे इथे टाका: ऑर्डरमागे उरणारी रक्कम, क्लिकची सरासरी किंमत, मागच्या 30 दिवसांतले क्लिक आणि ऑर्डर, इम्प्रेशन शेअरचे ते दोन रकाने, आणि सगळ्यात जास्त पैसे खाणारे पहिले 20 शोध. त्यावरून नेमके काय बंद करायचे ते सांगता येईल.