क्लबचे विक्रम ठरवण्याआधी क्रमवारी लावा

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा : अ‍ॅथलेटिक्सचा क्लब १९८९ चा, नागपुरात रेशीमबागेच्या मैदानावर सुरू झालेला. हाताशी जुन्या सचिवांच्या दोन वह्या, कात्रणांची एक फाइल आणि ज्येष्ठांच्या तोंडची भरपूर माहिती. त्यातून क्लबचे सार्वकालिक विक्रम ठरवून फलक लावायचा आहे. हातघड्याळाच्या, म्हणजे हाताने स्टॉपवॉच दाबून घेतलेल्या, वेळा कशा धरायच्या, आणि 'मी १०० मीटर १०.६ सेकंदांत पळालो होतो' असं सांगणाऱ्या पण कागद नसलेल्या दादांचं काय करायचं, इथे गाडी अडली आहे.

माझं स्पष्ट मत : फलक आत्ता विसरा. विक्रमांपासून सुरुवात केली की प्रत्येक प्रकारात एकच नाव उरतं आणि त्या एका नावावरून भांडण होतं. आधी प्रत्येक प्रकाराची पहिल्या पंचवीस-तीस जणांची यादी करा. मग विक्रम म्हणजे त्या यादीची पहिली ओळ एवढंच राहतं, आणि तिला लावलेला निकष अठराव्या ओळीलाही लागलेला सगळ्यांना दिसतो. शिवाय क्लब चालतो तो त्या अठराव्या नंबरवाल्यांच्या जिवावर. त्यांचं नाव कधीच कुठल्या फलकावर लागत नाही, यादीत मात्र लागतं.

एक्सेलमध्ये एक ओळ म्हणजे एक कामगिरी, एक खेळाडू नव्हे. कामगिरी, वाऱ्याचा वेग, नाव, जन्मतारीख, शर्यतीतला क्रमांक, हीट (प्राथमिक फेरी) की फायनल, मैदान, तारीख, आणि शेवटी ही माहिती कुठून मिळाली ते. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ यादीत घेऊ नका. क्रमवारी काढताना एका खेळाडूची एकच, सर्वोत्तम कामगिरी धरा.

आता हातघड्याळ. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये मिल्खासिंग यांची ४०० मीटरची अधिकृत, हाताने घेतलेली वेळ ४५.६ सेकंद होती, पण त्याच शर्यतीची इलेक्ट्रॉनिक वेळ ४५.७३ निघाली होती. १९९८ मध्ये परमजितसिंग कोलकात्यात ४५.७० पळाले आणि राष्ट्रीय विक्रम मोडला. नुसते आकडे शेजारी ठेवले तर ४५.६ पुढे दिसतो, खरी तुलना ४५.७३ शी आहे. घड्याळवाला बंदुकीचा धूर बघून बटण दाबतो तेव्हा थोडा मागे पडतो, आणि शेवटची रेघ मात्र त्याला येताना दिसत असते. म्हणून हाताची वेळ कमी भरते. तुमच्या विद्यापीठ मैदानावरच्या १९९२ च्या १०० मीटरला कुणी दुसरी वेळ घेतलेली नसणार. तिथे प्रचलित दुरुस्ती वापरा : १०० आणि २०० ला ०.२४, ४०० ला ०.१४ मिळवायचे, ८०० आणि पुढे काहीही नाही. ही दुरुस्ती फक्त ओळीचा क्रम ठरवण्यासाठी. छापताना १०.९ हे १०.९ च छापा, ११.१४ कधीच नको, कारण ती वेळ कुणी पळालेलंच नाही. स्प्रिंटमध्ये, म्हणजे ४०० पर्यंतच्या शर्यतींत, हाताची आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन याद्या वेगळ्या ठेवल्या तर सगळ्यात उत्तम.

यात एक फसवी गोष्ट आहे. डिजिटल स्टॉपवॉच शंभरांश सेकंद दाखवतं, आणि जिल्हा स्पर्धांत बरेच जण ते जसंच्या तसं उतरवतात. तुमच्या वहीत '११.२३' असेल तर ती इलेक्ट्रॉनिक वेळ आहे असं धरू नका. हाताने घेतलेली वेळ नियमाने पुढच्या दशांशात न्यायची असते, म्हणजे ११.३. त्या स्पर्धेला फोटोफिनिश (शेवटच्या रेघेवर कॅमेऱ्याने वेळ घेण्याची सोय) होतं का, एवढं पंचांपैकी कुणाला तरी विचारा. नव्हतं तर ११.३ करा आणि मूळ आकडा शेऱ्यात ठेवा.

वाऱ्याचं थोडक्यात : १००, २००, कमी अंतराच्या अडथळा शर्यती, लांब उडी आणि तिहेरी उडी यांत सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त पाठीचा वारा असेल तर ती कामगिरी मुख्य यादीखाली वेगळी लिहायची. आपल्याकडच्या स्पर्धांत वारा बहुतेक वेळा मोजलेलाच नसतो. अशी कामगिरी गाळू नका, रकान्यात 'मोजला नाही' लिहा.

फेकीच्या प्रकारांत वजन लिहिलं नसेल तर आकड्याला काही अर्थ नाही. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, २० वर्षांखालील मुलांचा ६, १८ वर्षांखालील मुलांचा ५. कात्रणात 'गोळाफेक १४.८२' एवढंच असेल तर आधी गट शोधा. शालेय स्पर्धांचे गट १७ आणि १९ चे, अ‍ॅथलेटिक्स महासंघाचे १८ आणि २० चे, त्यामुळे एकच मुलगा एकाच मोसमात दोन वेगवेगळे गोळे फेकू शकतो. क्लबने एकच नियम करावा : स्पर्धेच्या वर्षात ३१ डिसेंबरला असलेलं वय. भाल्याचंही लक्षात ठेवा. पुरुषांच्या भाल्याची रचना १९८६ मध्ये बदलली, ती तुमच्या क्लबच्या आधीची. महिलांचा भाला १९९९ मध्ये बदलला. तुमच्या मुलींच्या त्याआधीच्या फेकी वेगळ्या यादीत जायला हव्यात, नाहीतर आजच्या पोरींवर अन्याय होईल.

आता पुराव्याकडे. प्रमाणपत्रांवर फार भिस्त ठेवू नका. नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणामुळे लोकांनी ती लॅमिनेट करून जपलेली असतात, पण त्यांवर बहुधा प्रकार आणि क्रमांक एवढंच असतं, वेळ नसते. त्यांचा उपयोग तारीख आणि ठिकाण पक्कं करायला. वेळ सापडते ती 'हितवाद', 'तरुण भारत', 'लोकमत' यांच्या क्रीडा पानाच्या तळाशी, बारीक टायपातल्या निकालांत. तारीख हातात असेल तर जुन्या अंकांत शोधणं तासाभराचं काम, नसेल तर महिनाभराचं. जुने निकाल वाचताना 'विद्यापीठ' म्हणजे तेव्हाचं कोणतं हेही बघा : चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालयं २०११ पर्यंत नागपूर विद्यापीठातच होती. तसंच गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होतं, त्यामुळे 'भंडारा जिल्हा स्पर्धा' असं लिहिलेलं मैदान आज गोंदियात असू शकतं.

मुलींच्या बाबतीत सगळ्यात जास्त काळजी घ्या. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, काही घरांत नावसुद्धा. समजा १९९६ ला ४०० मीटरमध्ये कु. वंदना आहे आणि २००३ ला सौ. वैष्णवी. ती एकच बाई असू शकते, आणि यादीत मात्र दोन वेगळ्या ओळी होऊन बसतात. जन्मतारखेचा रकाना मी आग्रहाने सांगतो तो यासाठीच. माहेरचं नाव आधी, सासरचं त्यापुढे, अशी एकच ओळ करा, आणि तिला एकदा फोन करून तिला कसं छापलेलं आवडेल ते विचारा. मैदान सुटून वीस वर्षं झालेल्या बाईला असा फोन येणं ही साधी गोष्ट नाही.

दादांच्या १०.६ बद्दल. त्यांच्याकडे पुरावा मागायला जाऊ नका. अर्धवट यादी घेऊन जा आणि विचारा, 'दादा, त्या आंतरमहाविद्यालयीनला दुसरा कोण आला होता? शर्यत कुठल्या मैदानावर झाली?' माणूस वेळ विसरतो किंवा वाढवून सांगतो, पण ज्याला हरवलं त्याचं नाव सहसा विसरत नाही. त्या नावावरून वर्ष निघतं, वर्षावरून अंक, अंकातून निकाल. निकाल सापडेपर्यंत ती कामगिरी 'पडताळणी बाकी' अशा वेगळ्या पानावर, दादांच्या नावासह, सन्मानाने राहू द्या. १०.८ निघाली तर १०.८ लिहा. नागपुरात मुरमाच्या ट्रॅकवर १०.८ ही फार मोठी गोष्ट होती, तिला आणखी फुगवण्याची गरजच नाही.

कोणती कामगिरी क्लबची हा नियम यादीच्या वरच लिहा. माझा कल असा : सदस्य असताना केलेली प्रत्येक वैयक्तिक कामगिरी धरावी, मग अंगावर विद्यापीठाची बनियन असो की पोलीस दलाची. रिले मात्र चौघं क्लबचे असतील तरच. रोड रेस पूर्णपणे वेगळ्या ठेवा. अंतर प्रमाणित नसेल तर त्या वेळेची कुणाशीच तुलना होत नाही.

सगळे प्रकार एकदम हाती घेऊ नका. ८०० मीटरपासून सुरू करा : वारा नाही, वजन नाही, हातघड्याळाची दुरुस्ती नाही, त्यामुळे वादही कमी. ती एक यादी छापा, वर 'अमुक तारखेपर्यंतची' असं ठळक लिहा आणि एखाद्या रविवारी सराव सुटल्यावर प्रशिक्षक सरांसमोर ठेवा. सोबत पेन असू द्या. जुने खेळाडू ज्या दुरुस्त्या सांगतील त्या तिथेच समासात लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट. त्यानंतर १५०० घ्या.